माघ शुद्ध पंचमी, रविवार

लालबाग
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

प्रिय बाई,

मी दर्शना, २००९च्या दहावीची. दुसऱ्या बाकावर बसायची. वर्गाच्या मागच्या भिंतीवर तुम्ही तो मोठा तक्ता लावला होता, एकच साल कुठल्या देशात किती, तो रंगवणारी. आमच्या वर्गातली स्पृहा तुमच्या खोताच्या वाडीतच राहते ना, तिने पत्ता दिला. म्हणाली, बाईंना आता अजिबात ऐकू येत नाही आणि मोबाइलला त्या हात लावत नाहीत, पत्रच टाक. मला तेच बरं. इथे खोली दोन, गॅलरीत अख्खी चाळ. फोनवर बोललेलं सगळ्यांचंच होतं.

बाई, मला आठवा महिना लागतोय. तारीख १८ एप्रिल दिलीय. आधी एकदा तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, म्हणून डॉक्टरांनी जिने उतरायला बंदी केलीय. नाहीतर मीच आले असते.

आमच्या चाळीच्या अंगणात एक शेंदराचा दगड आहे. आम्ही त्याला राखणदार म्हणतो. सगळे नारळ तिथेच. मागच्या महिन्यात शेजारच्या टॉवरच्या खोदकामाने जमीन हादरत होती, त्यात त्याचं शेंदराचं कवच सुटून पडलं. आत वर चंद्र-सूर्य, मध्ये अक्षरं, आणि खाली एक बाई आणि गाढव. काय करतायत ते मी लिहीत नाही. सगळ्या बायका तोंडाला पदर लावून आत गेल्या. पिढ्यान् पिढ्या आम्ही त्यालाच हळदीकुंकू वाहत होतो.

चूक माझी झाली. मी गॅलरीतून पाहिलं, खालच्या पोरांना अक्षरांवर पावडर मारायला लावली आणि आकडे मोठ्याने वाचले. तुम्ही शिकवले होते म्हणून मिरवायला. शकु ११६८, माघ शुद्ध पंचमी, रवी. संवत्सराचं नाव होतं तिथे टवका उडालाय. राखणदाराची पूजा करतात ते कुशाबा दगडाजवळच उभे होते. त्यांनी पंचांग आणलं. म्हणाले, पाडव्याला शके १९४८ लागतं. वजाबाकी सातशे ऐंशी. साठ संवत्सरांचे बरोबर तेरा फेरे. म्हणजे तेच संवत्सर परत येतंय, पराभव. दगड साठ वर्षांनी जागा होतो, आणि त्याच्यावर बाईच कोरलीय, तेव्हा बाईवरच येणार.

चाळीत दिवस गेलेली मी एकटीच.

माझे सासरे दौलत तावडे महापालिकेत चावीवाले होते, रस्त्यावरचे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायचे. घड्याळाचा माणूस. भोळा नाही. पण त्या दिवसापासून ते धड जेवत नाहीत. त्यांनी ठरवलंय की पाडवा १९ मार्चला आहे, त्याच्या आत माझं सिझेरियन करून घ्यायचं. १२ मार्चचा मुहूर्तही काढलाय. आमच्या डॉक्टरीणबाईंनी साफ नाही म्हटलं. तर त्यांनी दुसरं एक नर्सिंग होम शोधलं, ते करतो म्हणाले. पाच आठवडे आधी. बाळाची फुप्फुसं तयार नसतात, मी वाचलंय. स्वप्नील, माझा नवरा, बापासमोर गप्प.

बाई, तुम्ही काहीतरी लिहा. तुमचं नाव मी घरात इतकं घेतलंय की तुमचं ऐकतील. पोरांना वरून सांगत पेन्सिल घासून काढून घेतलेला ठसा सोबत आहे.

तुमची,
दर्शना


गिरगाव
शुक्रवार, १३ फेब्रुवारी

चि. दर्शना,

ठसा चांगला काढून घेतलास. दहावीत नकाशे इतके स्वच्छ काढले असतेस तर बरं झालं असतं.

पहिली गोष्ट. हा राखणदार वगैरे काही नाही. याला गधेगाळ म्हणतात. राजाने जमीन दान दिली की कडेला असा दगड रोवायचे: हे दान जो मोडेल त्याच्या आईला गाढव लागो. दगडावर कोरलेली शिवी आहे ती. भविष्य नाही. तुम्ही कुणाचं दान मोडलंय? तुमची शिवी नाही ही, उगाच अंगाला लावून घेऊ नका.

दुसरी गोष्ट, कुशाबांचं गणित. त्यांचंच धरून चालू. शके ११६८चा माघ म्हणजे इंग्रजी १२४७चा जानेवारी. पण आपला तक्ता आठव. त्याच सकाळी ठाण्याच्या बंदरात एखादा अरब व्यापारी रोजा धरून बसला असेल, त्याचा रमजान, सन ६४४. त्याच्या शेजारच्या ज्यू सराफाचं साल ५००७. गुजरातच्या वाण्याचा विक्रम संवत १३०३, कारण त्याचं वर्ष दिवाळीला बदलतं. हबशी खलाशाचं १२३९. आणि विलायतेतला पाद्री १२४६च लिहीत असणार, त्यांच्याकडे तेव्हा नवं साल पंचवीस मार्चला लागायचं. एक सकाळ, एक सूर्य. यांतल्या एकाच्याही डोक्यावर ‘पराभव’ नव्हता. साल आकाशात नसतं, पोरी, वहीत असतं.

भीती माणसाला कुठवर नेते त्याचं एक उदाहरण देते. चीन-जपानातही साठ वर्षांचं चक्र आहे. त्यात एक अग्नि-अश्वाचं वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते असा जपानात समज. १९६६ साली ते वर्ष आलं, तर त्या एवढ्या शिकलेल्या देशात जन्म जवळजवळ चौथाईनं घटले. आकडे छापलेले आहेत. गंमत म्हणजे १२४६-४७ हेही अग्नि-अश्वाचंच आणि यंदाचंही तेच. तू १२ मार्च विसर. सासऱ्यांना हे पत्र वाचून दाखव आणि डॉक्टर सांगतात तसं निजून राहा.

शुभाशीर्वाद.
मृणालिनी विजयकर


लालबाग
गुरुवार, १९ फेब्रुवारी

प्रिय बाई,

पत्र वाचून दाखवलं. नसतं दाखवलं तर बरं झालं असतं.

अरब, ज्यू, पाद्री, सगळं ते मान हलवत ऐकत होते. जपान आलं तशी मान थांबली. मला परत वाचायला लावलं. मग म्हणाले, “जपानातसुद्धा म्हायती आसा मगे.” त्याच संध्याकाळी पत्र कुशाबांकडे गेलं आणि तिथून चाळभर. आता सगळे म्हणतात, दर्शनाच्या शाळेतल्या बाईंनीच लिहून दिलंय, चीनमध्ये पण हेच वर्ष वाईट, जपानमध्ये पण. दोन वेगळ्या देशांचे जोशी एकमेकांना न विचारता एकाच सालावर बोट ठेवतात म्हणजे काहीतरी असणारच. बाई, तुम्हाला यावर काही उत्तर सुचतंय का?

तुम्ही १९६६ लिहिलंत ना, तिथे खरं लागलं. मला हे आत्ता कळलं. सासऱ्यांचा जन्म १९६६च्या मार्गशीर्षातला, शके १८८८, पराभव संवत्सर. गावाला जन्मले, देवगडकडे. त्यांची आई गंगुबाई त्याच बाळंतपणात गेली. आत्याने वाढवलं त्यांना. लहानपणापासून ऐकत आलेत, वाईट सालाचा पोर, आईला खाऊन आला. यंदा त्यांना साठ पुरी होतायत. तेच वर्ष परत येतंय आणि घरात बाळंतीण. त्यांना बाळाची भीती नाही, बाई. त्यांना वाटतंय मी मरेन. काल स्वप्नीलने कधी नव्हे तो आवाज चढवला, म्हणाला पोराला काही झालं तर? तर म्हणाले, “माझी आवस माका बघूक रवली नाय. हिका मी जावक देवचंय नाय.” आणि रडले. चाळीतल्या गॅलरीत, सगळ्यांसमोर. आता स्वप्नीलही १२ मार्च म्हणतोय.

आणि खरं सांगू का, मलाही भीती वाटते. मी तुमचा तक्ता रंगवलाय, मला सगळं कळतं. तरी सकाळी डोळे उघडले की पहिला विचार येतो तो त्या दगडावरच्या बाईचा. पोटात हललं नाही की घाम फुटतो. एकदा गेलंय माझं.

तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत शिलालेखांच्या तारखा ताडून बघायच्यात, वार जुळतो की नाही ते. आम्हाला सांगायच्यात, वार जुळला नाही तर साल चुकलं. हा दगड तसा ताडून बघाल? कुशाबांची चूक निघाली तर फक्त तीच सासऱ्यांना पटेल. बाकी काही पटणार नाही. नर्सिंग होमला पैसे भरून झालेत.

दर्शना


गिरगाव
सोमवार, २३ फेब्रुवारी

श्री. दौलत तावडे यांस,
सप्रेम नमस्कार.

दर्शना माझी विद्यार्थिनी. तिच्या पत्रातून तुमची काळजी कळली आणि तिच्याबद्दलची तुमची माया पाहून बरं वाटलं. आधीच्या पत्रात मी विनोदाच्या सुरात लिहिलं, ते चुकलं. आता नीट लिहिते.

मी ठशावरची तारीख ताडून पाहिली. हे काम मी चाळीस वर्षं करते. जुन्या लेखांत शक दोन तऱ्हांनी लिहीत. कुणी संपलेली वर्षं मोजत, कुणी चालू असलेलं. तुम्हाला साठ पुरी होत आहेत, म्हणजे तुम्ही एकसष्टाव्यात शिराल. पण तुमचं वय कुणी साठ सांगेल, कुणी एकसष्टावं चालू सांगेल. तसंच हे. आपलं पंचांग संपलेली वर्षं सांगतं. कुशाबांनी तोच हिशेब दगडाला लावला. पण दगड कोरणाऱ्याने चालू वर्ष लिहिलं असेल तर ते एकाने मागे जातं.

कुठला हिशेब खरा, हे वार ठरवतो. दगडावर माघ शुद्ध पंचमीला रविवार आहे. चालू वर्षाचा हिशेब धरला की रविवार येतो. कुशाबांचा धरला की येत नाही. म्हणजे दगडाचं संवत्सर पराभव नसून त्याच्या आधीचं, विश्वावसु.

विश्वावसु हे आत्ता चालू आहे. पाडव्याला संपतं. तुमच्या समजुतीने दगडाचं वर्ष वाईट असेल, तर वाईट दिवस हे आहेत, पुढचे नाहीत. बारा मार्चला बाळ काढलंत तर तुम्ही त्याला नेमकं त्याच वर्षात ओढून आणाल. पाडव्यापर्यंत काहीही करू नका. बाळाला आत राहू द्या. एप्रिलमध्ये, त्याच्या वेळेने, येऊ द्या.

कुशाबांनाही हे दाखवा. शंका असेल तर लिहून विचारा.

आपली,
मृणालिनी विजयकर


लालबाग
सोमवार, २ मार्च

प्रिय बाई,

१२ मार्च रद्द झाला. तुम्ही जिंकलात.

सासऱ्यांनी पत्र तीन वेळा वाचलं. वयाचं उदाहरण त्यांना एकदम पटलं, कारण नोकरीत असताना त्यांच्या निवृत्तीच्या तारखेचा असाच घोळ झाला होता. कुशाबा थोडे फुगले, पण वार जुळत नाही म्हटल्यावर त्यांनी मान्य केलं. नर्सिंग होमला सासरे स्वतः जाऊन नाही सांगून आले. त्या दिवशी ते पोटभर जेवले. मी आत जाऊन रडले.

पण घर शांत झालंय असं समजू नका. आधी पाडव्याच्या आत व्हायला हवं होतं, आता आत होता कामा नये. मी उठले की सासरे उठतात. खोकले तरी विचारतात. पाण्याची बादली तर सोडाच, तांब्या उचलू देत नाहीत. दुपारी उंबऱ्यातच आडवे होतात, मी बाहेर पडू नये म्हणून. कुशाबांनी आमच्या दाराच्या चौकटीवर खडूने रेघा मारल्यात, रोज येऊन एक पुसतात, आज सतरा उरल्यात. गॅलरीतनं जाणारी प्रत्येक बाई आधी रेघा मोजते, मग माझ्याकडे बघते.

आज सकाळी पोट जरासं आवळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या असं होतं, त्याला काही अर्थ नाही. पण मी ओठ दाबून बसले, चेहऱ्यावर दिसू नये म्हणून. हे का केलं मलाच कळलं नाही.

एक विचारू? तुमच्या पत्रात आकडेमोड नव्हती. तुम्ही नेहमी बाजूला मांडून दाखवायच्यात. जमलं तर पाठवा, मला बघायचंय रविवार कसा येतो.

दर्शना


लालबाग
शनिवार, १४ मार्च

प्रिय बाई,

हे फक्त तुम्हाला सांगतेय. पाकीट चिकटवून स्वप्नीलकडे देईन, तो कुरिअरला टाकेल. त्याला काही माहीत नाही.

परवापासून थोडं थोडं पाणी जातंय. पहिल्यांदा वाटलं लघवी आवरत नाहीये. पण तसं नाहीये. कळा नाहीत. बाळ हलतंय, पूर्वीइतकं नाही, पण हलतंय. मी कपडा बदलते आणि तो साडीखाली वाळत घालते.

डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या लगेच या म्हणतील आणि आले की करून टाकतील. अजून पाच दिवस आहेत. दारावर पाच रेघा. एवढे दिवस काढलेत तर पाच काय, निजून राहिलं की होईल. सासऱ्यांना सांगितलं तर ते वेडे होतील, ते मला हलूही देणार नाहीत आणि नेणारही नाहीत. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

तुम्ही आकडेमोड पाठवली नाहीत. असो, तुमचा शब्द बस आहे. दगडाचं वर्ष संपेपर्यंत थांबायचं, तुम्हीच लिहिलंत. मी थांबतेय. थोडी कणकण वाटते, उन्हाने असेल.

बाई, मला वेडी समजू नका. मला ही मुलगी हवीय. मुलगीच आहे असं मला वाटतं.

दर्शना


गिरगाव
सोमवार, १६ मार्च, दुपारी

श्री. दौलत तावडे यांस,

हे पत्र मी स्वतः तुमच्या हातात देते आहे. मला ऐकू येत नाही, त्यामुळे माझ्याशी बोलू नका, वाद घालू नका. खाली टॅक्सी उभी आहे. पत्र वाचा, आणि दर्शनाला त्यात बसवा.

चार दिवस तिच्या अंगावरून पाणी जातंय. तिने तुमच्यापासून लपवलं. तिला ताप येतो आहे. याचा अर्थ आत विषार होतोय, आणि आज नेलं नाही तर मूल जाईल आणि तीही जाईल. हे मला डॉक्टरने सांगितलेलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं असंच झालं होतं, तेवढंच मला कळतं.

आता दुसरं. मी तुम्हाला खोटं लिहिलं.

दगड मी खरंच ताडून पाहिला होता. तुमच्या कुशाबांचं गणित बरोबर आहे. चालू वर्षाचा हिशेब धरला तर माघ शुद्ध पंचमी २४ जानेवारी १२४६ला पडते आणि तो बुधवार आहे. संपलेल्या वर्षांचा धरला तर १३ जानेवारी १२४७, आणि तो रविवार. दगड पराभव संवत्सराचाच आहे. आकडेमोडीचा कागद सोबत जोडला आहे, दर्शना तपासू शकेल. चाळीस वर्षांत मी एकही तारीख वाकवली नव्हती. ही वाकवली. तुम्ही तिचं पोट पाच आठवडे आधी फाडायला निघाला होतात आणि माझं खरं तुम्हाला पुरत नव्हतं, म्हणून. मला वाटलं बाळाला महिना मिळेल. त्या खोट्यावर भरवसा ठेवून ती पोर दारात रेघा मोजत मरायला टेकेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं.

तुम्ही दगडाला मानता ना? मग तुमच्याच हिशेबाने ऐका. आज विश्वावसु आहे. दगडाचं वर्ष अजून लागलेलं नाही. पाडवा गुरुवारी आहे. आज नेलंत तर तुमच्या देवाच्याही दृष्टीने चांगला दिवस आहे. आणि मानत नसाल तर उत्तमच.

माझ्यावर चिडायला तुम्हाला पुढचं सगळं आयुष्य आहे. मला काय ती शिक्षा नंतर द्या. तिला आत्ता उचला. मी तुमच्या दाराशी उभी आहे, मला जिना चढवत नाही, पण चढून आले आहे, म्हणजे पुन्हा उतरेनही.

मृणालिनी विजयकर


लालबाग
बुधवार, ८ एप्रिल

सौ. विजयकर बाईंस,
दौलत तावडेचा नमस्कार.

मी सातवी शिकलेला माणूस, चुकलं तर सांभाळून घ्या. दर्शना म्हणाली मी लिहिते, मी म्हटलं नको, हे मीच लिहीन.

त्या दिवशी तुम्ही टॅक्सीत पुढे बसला होतात आणि मागे वळून बघत नव्हतात. हॉस्पिटलात शिरल्यावर तुम्ही कधी गेलात कळलं नाही. मुलगी तासाभरात झाली. दोन किलो शंभर. रडली नाही लगेच, मग रडली. सोळा दिवस काचेच्या पेटीत होती. दर्शनाला एकशे चार ताप. चार दिवस अतिदक्षता विभागात. पाडव्याला आमच्या घरी गुढी नव्हती, मी त्या विभागाच्या बाहेर खुर्चीवर होतो. आतून नर्स आली की मी उभा राहायचो, कोणाचंही नाव घेतलं तरी. पाचव्या दिवशी ती माझ्याशी बोलली. परवा दोघी घरी आल्या. स्वप्नील पोरीला खाली ठेवत नाही. नाव मनवा ठेवायचं म्हणतात.

तुम्ही खोटं लिहिलंत याचा मला राग आहे. लपवत नाही. तुम्ही मास्तरीण, तुमच्या शब्दावर मी त्या पोरीला उंबऱ्यात आडवा पडून अडवलं. पण तुम्ही फक्त तारीख लिहिली. उंबऱ्यात मी झोपत होतो.

आता जे लिहितो ते अजून घरात कोणाला सांगितलेलं नाही. मुलगी झाली म्हणून मी गावाला आत्याला फोन लावला. तिने मला वाढवलं, आता पंच्याऐंशीची आहे. मी तिला सगळं सांगितलं, पाणी जात होतं, दर्शनाने लपवलं, पाडव्यासाठी थांबली. आत्या म्हणाली, “तुझ्या आवशीचा पण तसाच झाला.”

मी विचारलं, कसं?

आईला दोन दिवस कळा येत होत्या. कार्तिकाची अमावास्या होती. अवसेला झालेला जन्म घराला लागतो म्हणून माझ्या आजीने सुईणीला आत घेतलं नाही. सुईण ओटीवर बसून होती, पान खात. आईला सांगितलं, कळ सोस, धरून ठेव. आत्या तेव्हा पंचवीस वर्षांची, ती आईचे हात धरून होती. “अवस सरांदे म्हणान थांबलंव,” म्हणाली. दुसऱ्या सकाळी अवस सरली तेव्हा सुईण आत आली. मी निघालो, ती राहिली नाही.

मग घरात म्हणायला लागले, पराभव साल, वाईट. कोणीतरी म्हणायला हवं होतं. ओटीवर सुईण बसलेली होती हे कोण म्हणणार? आत्याही मला साठ वर्षं तेच सांगत आली. फोनवर ती रडायला लागली, मी तिला गप्प केलं. आता ती म्हातारी आहे, तिला काय बोलणार?

कुशाबा परवा विचारायला आला, पोरगी दगडाच्या वर्षातली धरायची की नाही, बाई दोन पत्रांत दोन सांगतात. मी त्याला चहा दिला आणि दुसरं बोललो. दारावरच्या राहिलेल्या रेघा मी ओल्या फडक्याने पुसल्या.

मी मनवाला मांडीवर घेऊन हे लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं येतंय. दर्शना वाचली. ती गेली असती, तर मी दगडाला बोल लावला असता, तुम्हाला लावला असता, आणि ही पोर मोठी झाली की हिलाही सांगितलं असतं की तुझ्या सालाने तुझी आई नेली.

आपला,
दौलत तावडे